चोवीस बरण्या

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, अविवाहित, निवृत्त प्रयोगशाळा सहायक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी काल तसा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. फुप्फुसांबद्दल त्यांनी वेगळा दाखला दिला, तो जोडण्याची गरज नाही. मला कोणी भरीस घातलेलं नाही. उलट वकिलांनी चौथं आणि पाचवं कलम गाळा, असं दोनदा सुचवलं. मी ती गाळणार नाही.

कलम १. राहतं घर दोन मजली असून खालचा मजला माझ्या नावे आहे. वरच्या मजल्यावर माझी थोरली बहीण राहते. तिला मी ताई म्हणते. वय पंच्याहत्तर, सूक्ष्मजीवशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका. नऊ वर्षांपूर्वी तिची दृष्टी गेली. माझा मजला माझ्यामागे चुलतभावाच्या मुलाला मिळावा. हा पुतण्या महिन्यातून एकदा येतो, बोटाने भिंती ठोकून बघतो आणि "आत्या, तब्येतीला जपा," म्हणतो. अट एकच. ताई जिवंत असेतो त्याने इथे राहून तिचं खाणं-पिणं, औषधपाणी, अंघोळ सगळं स्वतः पाहावं. एक महिना जरी चुकला तरी मजला वाचनालयाला जाईल. ताई शंभरी गाठो, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

कलम २. बँकेतल्या शिल्लकीतून एक वाचणारी बाई ठेवावी. तिने रोज सकाळी ताईला तासभर वाचून दाखवावं. विषय मी ठरवून देते: पृथ्वीबाहेर जीव शोधण्याचं काम कुठवर आलं, कोणत्या चंद्राच्या बर्फाखाली पाणी निघालं, कुठल्या उकळत्या झऱ्यात, आम्लात, खडकाच्या पोटात काय जगताना सापडलं, आणि ते कोणाला सापडलं. शोधणाऱ्यांची नावं स्पष्ट उच्चारावीत. ताई "पुरे" म्हणाली तरी तास पूर्ण करावा. गेली नऊ वर्षं हे काम मी करत आले आहे. खंड पडू नये.

कलम ३. माझा सूक्ष्मदर्शक आणि जंतू उचलायच्या तारेच्या सहा कड्या आमच्या जुन्या प्रयोगशाळेत आता काम करणाऱ्या मुलीला द्याव्यात. तिला मी ओळखत नाही. तिला एवढंच सांगावं की केलेल्या कामावर आपलं नाव आहे की नाही, हे त्याच दिवशी बघून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी फार उशीर झालेला असतो.

कलम ४. हे कलम मिळकतीचं नाही, पण माझ्याकडे खरी मिळकत म्हणावी अशी हीच.

मी एकोणीस वर्षांची असताना वडील गेले. घरात एकीच्याच शिक्षणाला पुरेल एवढं होतं. ताई आईला म्हणाली, "हुशार एक पुरे. हिचा हात चांगला आहे, हिला माझ्याकडे लावून घेते." तशी मी लागले आणि तेवीस वर्षं तिच्या हाताखाली राहिले. परीक्षानळ्या धुतल्या, बशांत ओतायची जंतूंच्या खाद्याची खळ शिजवली, जंतू वाढवले. तिच्या लेखांत माझा उल्लेख शेवटच्या ओळीत यायचा, वीजदुरुस्ती करणाऱ्याच्या आधी.

तिचा ध्यास मंगळाचा होता. आटलेल्या खाऱ्या तळ्याच्या तळातून तिने एक जंतू आणला होता. मिठाने मांस टिकतं म्हणजे मिठात काही कुजवणारं जगत नाही, पण हा मिठातच फोफावायचा. ताईचा प्रश्न असा होता: मंगळासारखी विरळ हवा, गोठवणारी थंडी आणि जाळणारा प्रकाश दिला तर हा नुसता तग धरेल की वाढेलही? तग धरणारे पुष्कळ असतात. वाढला, तर तिथे कोणीतरी असू शकतं असं म्हणता येतं.

त्यासाठी चोवीस बरण्या केल्या. प्रत्येकीत माती आणि क्षार यांचं प्रमाण वेगळं. बरण्या फुंकल्या आमच्या संस्थेतल्या काचकाम करणाऱ्याने. त्याने मला मागणी घातली होती. ताईने माझ्यादेखत त्याला विचारलं, "तुमच्या फुंकरीवर दोघांचं भागेल का?" मी नळ्या धुवत राहिले. त्याने पुन्हा विचारलं नाही, पण बरण्या इतक्या सुरेख केल्या की एकीलाही कधी तडा गेला नाही.

प्रयोग पाचशे चाळीस दिवसांचा होता. दर चार तासांनी तापमान आणि दाब नोंदवायचा. पाचशे तिसऱ्या दिवशी आई रुग्णालयात होती. दुपारी तीन वाजता तिकडून प्रयोगशाळेत फोन आला. ताईने घेतला, "बरं" म्हणाली आणि खाली ठेवला. मी विचारलं, "कोणाचा गं?" ती म्हणाली, "भांडारातला. तू चारची नोंद घे."

मी चारची नोंद घेतली. चोवीस बरण्यांचे आकडे लिहून झाल्यावर ती म्हणाली, "आईचं काही खरं नाही. जायचं तर जा आता."

मी पोचले तेव्हा परिचारिका चादर ओढत होती. म्हणाली, "तासभर तुमचं नाव घेत होत्या. आम्ही कळवलं होतं की."

संध्याकाळी मी ताईला विचारलं, "मला का सांगितलं नाहीस?" ती नोंदवहीतून वर न बघता म्हणाली, "तू गेली असतीस तर आईला काय फरक पडणार होता? बरण्यांना पडला असता."

मी रडले नाही. दुसऱ्या दिवशी आठची नोंद वेळेवर घेतली.

पाचशे चाळिसावा दिवस उजाडला तेव्हा ताई महिनाभरासाठी परदेशी परिषदेला गेली होती. "तू उघड, तू मोज, आल्यावर मी बघते," म्हणाली होती. मी बरण्या उघडल्या. तेवीस बरण्यांत सगळं मेलेलं होतं. एका बरणीतून घेतलेल्या थेंबाने मात्र चौथ्या दिवशी बशीभर फिकट नारिंगी ठिपके आले. मी मोजले. सुरुवातीला प्रत्येक थेंबात हजार जंतू सोडले होते, इथे चाळीस हजार निघाले. बाहेरचं काही मिसळलं असेल म्हणून मी तीनदा नव्याने केलं, तीनदा तेच आलं. सूक्ष्मदर्शकाखाली तोच होता, आमचा खाऱ्या तळ्यातला. तो नुसता टिकला नव्हता. तिथे त्याने संसार मांडला होता.

इतकी सुंदर गोष्ट मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही. पूर्ण एक दिवस मी ती नुसती बघत राहिले; जगात ती मला एकटीलाच माहीत होती.

मग मी ती बरणी आणि सगळ्या बशा जंतू मारायच्या वाफेच्या यंत्रात घातल्या. एकशे एकवीस अंशाला पंधरा मिनिटं पुरतात. मी एक तास ठेवलं. वहीत चोवीस ओळींपुढे लिहिलं: वाढ नाही.

ताई परत आली, ओळींवरून बोट फिरवत खालपर्यंत गेली आणि म्हणाली, "तुझ्या हातात काही जगतच नाही."

त्या वर्षी तिचं अनुदान बंद झालं. पुढची सगळी वर्षं तिने पहिल्या वर्षाच्या मुलांना जंतू म्हणजे काय ते शिकवलं. दुसऱ्यांचे शोध जाहीर होऊ लागले तशी ती कात्रणं काढायची. एकदा कात्री हातात धरून मला म्हणाली, "एक जरी वाढला असता ना!" मी म्हटलं, "हो ना."

कलम ५. माझ्या मृत्यूनंतर दहाव्या दिवशी वकिलांनी वर जाऊन हे मृत्युपत्र ताईला मोठ्याने, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवावं. खिडकीशी तिची खुर्ची असते, तिथे बसवावं. अर्ध्यात थांबू नये. मी स्वतः सांगण्याचा विचार अनेकदा केला. पण मी समोर असते तर तिने मला क्षमा केली असती किंवा शिव्या दिल्या असत्या, आणि दोन्हींनी तिला बरं वाटलं असतं.

वाचून झाल्यावर ती "असं का केलं तिने?" असं विचारणार नाही. माझी बहीण आहे, मी ओळखते तिला. विचारलंच, तर उत्तर कलम ४ मध्ये आहे. तो भाग पुन्हा वाचावा.

ती विचारेल, "कितव्या नंबरची बरणी?"

नंबर कळला तर मातीचं आणि क्षाराचं प्रमाण कळतं, कारण प्रमाणांची यादी तिच्या कपाटात अजून आहे. मग तेवढ्या एका बरणीचा प्रयोग कोणालाही पुन्हा करता येईल आणि त्यावर तिचं नाव लागेल; नंबराशिवाय चोवीसही पुन्हा मांडाव्या लागतील, आणि एका मेलेल्या बाईच्या शब्दावर तेवढं कोणी करणार नाही. तो नंबर मी कुठेही लिहिलेला नाही. वकिलांना सांगितलेला नाही, डॉक्टरांना नाही, काचवाल्यालाही नाही. तेव्हा कोणी माझी कागदपत्रं उचकत बसू नये.

साक्षीदार:

१. डॉक्टर, ज्यांनी दाखला दिला. (सही)

२. संस्थेतले निवृत्त काचकाम करणारे. (सही) साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असं वकील सांगतात. यांना मी कधीच काही दिलेलं नाही, त्यामुळे अडचण आली नाही. सही करण्यापूर्वी त्यांनी सगळं वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मला तरी सांगायचं होतंत." मी म्हटलं, "तुम्ही तिला सांगितलं असतं." ते म्हणाले, "हो, सांगितलं असतं."

लिहून देणार: (सही)

स्थळ: राहतं घर, खालचा मजला, स्वयंपाकघरातलं टेबल.
दिनांक: अकरा ऑक्टोबर, दुपारी चार. वरून ताईची काठी जमिनीवर वाजते आहे. तिच्या चहाची वेळ झाली. आधण ठेवलं आहे.