चौथा खण

९ जानेवारी १९६१, सोमवार
आज वृद्धाश्रमात बॉयलरवाला म्हणून रुजू झालो. बायको बर्निस गेल्यापासून घर खायला उठायचं. इथे तळघरालगतची खोली उबदार आहे, खिडकीतून गोठलेलं सरोवर दिसतं. व्यवस्थापक मिसेस व्रोना यांनी बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, पिएरोगी, वाढले आणि म्हणाल्या, "खा हो टॅड, आमचे एकतीस म्हातारे आता तुमच्या भरवशावर." बॉयलर ओतीव लोखंडाचा, बिडाचा; सात पोकळ खण एकाला एक जोडलेले. चौथा खण नवा दिसतो.

११ जानेवारी
दिवसभर बॉयलर धुतला. तळातून दोन बादल्या क्षार निघाला. जमिनीखालचा नळ कुठेतरी झिरपतोय, म्हणून सारखं नवं पाणी घ्यावं लागतं. त्यातला क्षार साचतो, तिथलं बीड जास्त तापतं आणि तडकतं. खणांना आवळणारे दांडेही कुणीतरी करकचून पिळले होते. तापल्यावर लोखंडाला फुगायला जागा हवी. सैल केले. दुपारी आयरीनबाईंशी ओळख झाली. वय सत्त्याऐंशी, पण जीभ तिखट. मला बघून म्हणाल्या, "अगं बाई, हा तर आमच्यापेक्षा म्हातारा!"

१४ जानेवारी
दाबाचा काटा खाली आला होता. बॉयलरला नवं पाणी देणारी चावी कुणीतरी बंद केली होती. उघडली. तळघराची किल्ली फक्त माझ्याकडे आहे.

१७ जानेवारी
पुन्हा बंद. मिसेस व्रोनांना विचारलं. त्या खुर्चीत बसल्या आणि सगळं सांगितलं. माझ्याआधी लुडविक होता. त्याची बायको वरच्याच मजल्यावर अंथरुणाला खिळलेली. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी बॉयलर कोरडा पडून लालबुंद झाला. बायको कुडकुडतेय म्हणून लुडविकनं घाईनं गार पाणी सोडलं. तापल्या बिडाला गार पाणी लागताच चौथा खण फाटला. तीन दिवस इमारत बर्फ. बायको न्यूमोनियानं गेली. वसंतात तोही गेला, त्या बॉयलरसमोरच, स्टुलावर बसून. डोळे पुसत म्हणाल्या, "भला माणूस हो. एकदाच चुकला."

१९ जानेवारी
चावी उघडी ठेवून तारेनं बांधली होती. सकाळी तार सोडवून, नीट घडी करून स्टुलावर ठेवलेली. चावी बंद. चावीचं चाक ओलं — तळव्याएवढंच ओलं.

२० जानेवारी
आता कळलं. तो वाईट करत नाहीये. पुन्हा गार पाणी सुटू नये, एवढंच त्याला कळतं. म्हणून बंद करतो. आणि नळ झिरपतच राहतो, बॉयलर कोरडा पडत जातो —
आज तळघरात मोठ्यानं म्हटलं, लुडविक, झालं ते झालं. बॉयलरमागून हुंदका आला. मी वर पळालो. लाज वाटते लिहायला.

२२ जानेवारी, रविवार सकाळ
काटा शून्यावर. चावी बंद. पाणी संपल्यावर बर्नर आपोआप थांबायला हवा होता, थांबला नाही. बीड लाल. बर्नर मीच विझवला. आता पाणी सोडायचं नाही. चार तास निवू द्यायचं. बाहेर शून्याखाली अठरा.

साडेदहा
मिसेस व्रोना जिन्यावरून ओरडून गेल्या — आयरीनबाईंचे ओठ निळे पडलेत, रस्ता बर्फानं बंद, गाडी येत नाही, काहीतरी करा. मी म्हटलं थांबायला हवं. त्या म्हणाल्या, थांबून कोण जगतंय.

अकरा
चावीला हात लावला. आधीच कुणाचा तरी हात होता. गार. ओढत नाही, ढकलत नाही. नुसता धरून आहे. रडतोय.

मी सांगितलं, मला सगळं ठाऊक आहे रे, क्षार, दांडे, बीड — पण वर ती —

वर कुणीतरी पाईप वाजवतंय. हळू. आता आणखी हळू.

त्याची बोटं एकेक करून सोडवली. एकाच हातानं लिहितोय. चावीचा फक्त एक फेरा. अगदी थोडंसंच पाणी, म्हणजे —