बावन्न कोट

जर्सी सिटी,
सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४

॥ श्री ॥

चि. सौ. शोभा हिस,
शैलाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन असताना पत्रं कसली लिहिता, असं सिद्धेश विचारतो. त्याला काय सांगू? स्पीकरवर टाकल्याशिवाय ह्यांना फोन ऐकू येत नाही, आणि स्पीकरवर टाकला की सूनबाईला, आश्लेषालाही सगळं ऐकू जातं. तेव्हा आपलं हेच बरं.

शनिवारी दसऱ्याच्या मुहूर्तावर आमच्या मराठी मंडळातर्फे मोठी खरेदी झाली. जवळच्या शाळेत बऱ्याच मुलांकडे थंडीचे कोट नाहीत, त्यांच्यासाठी घाऊक दुकानातून बावन्न कोट घेतले. मंडळाची अध्यक्ष अदिती हिने मापांची यादी देऊन मला आणि रेणूला पाठवलं. रेणू आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते. अकोल्याची, सॉफ्टवेअरमध्ये आहे. मला काकू काकू करते, ह्यांच्या गोळ्या आणून देते. आजवर गुणी वाटत होती.

मी एकेका कोटाची चेन ओढून बघितली, शिवणी तपासल्या. निळे कोट, आत पांढरंशुभ्र अस्तर. खोकी भाड्याच्या व्हॅनमध्ये भरून इमारतीपाशी आलो, तर रेणू म्हणाली, की काकू, तुम्ही दमलात, वर जा, मी पार्किंग शोधून येते. पार्किंगला चाळीस मिनिटं लागली. आली ती डोळे लाल, माझ्याकडे न बघता. तीस वर्षं परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारल्यात मी. नजर चुकवणारी मुलगी मला लांबून ओळखू येते. खोकी आमच्या हॉलमध्ये आहेत, उद्या शाळेत जातील. काही निघालं नाही म्हणजे मिळवली.

काल दुपारी मी अदितीकडे भोंडल्याला गेले होते. परत आले तर ह्यांच्या बोटाला पट्टी. भाजी चिरताना कापलं म्हणे. घरात चिरलेली भाजी काही दिसली नाही.

तब्येतीला जप. ईशानला आशीर्वाद. माया आहे ती अशीच असू दे.

तुझी,
शैलाताई


जर्सी सिटी,
शुक्रवार, १८ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. शोभा हिस,
अनेक आशीर्वाद.

मी म्हटलं नव्हतं? कोट शाळेने नाकारले. शाळेची नर्स खोकी उघडून बघते तो काय, सगळ्या कोटांची लेबलं कापलेली आणि प्रत्येकाच्या अस्तरावर एकाच जागी एक लाल डाग. तिला वाटलं रक्त. इथे लेबल असलेले कोरे कपडेच घेतात, वापरलेले घेत नाहीत. आता सगळे कोट शाळेतच पिशव्यांत सीलबंद करून ठेवलेत, आम्हालाही हात लावू देत नाहीत. अदिती रडवेली होऊन आली.

मी तिला ती चाळीस मिनिटं सांगून टाकली, तेवढ्यात नवे कोट लांबवून जुने भरले असणार. का लपवू? अदितीने रेणूला विचारलं, तर ती एवढंच म्हणाली, की एक फोन आला होता, खासगी होता. ह्याहून एक शब्द नाही. दहा नोव्हेंबरला दिवाळीचा कार्यक्रम आहे, त्याआधी कमिटी बसेल. रेणूला मंडळातून कमी करावं असं मी स्वच्छ सांगितलंय. मंडळाची अब्रू जायची पाळी आली, आणि ती पोरं थंडीत कुडकुडणार ती वेगळीच.

घरातही विश्वास ठेवावा असं माणूस उरलं नाही. दसऱ्याला कुंकवाचा करंडा भरला होता, आज बघते तर तळ दिसतोय. आश्लेषाला विचारलं तर म्हणाली, आई, मी टिकली लावते. असेलही खरं. हे तर हल्ली जेवताना मान वर करत नाहीत. रेणूचं नाव निघालं की उठून गॅलरीत जातात. तिने ह्यांना गोळ्या आणून आणून आपलंसं केलंय.

पत्र लवकर पाठव. आठवण ठेव.

शैलाताई


रेडमंड,
बुधवार, २३ ऑक्टोबर २०२४

ति. सौ. शैलाताईस,
शोभाचा सा. न.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. इथे पाऊस थांबायला तयार नाही. ईशानचे बाबा दिवसभर खिडकीशी बसून पावसाला नावं ठेवतात, निवृत्त झाल्यापासून ह्यांना तेवढंच काम आहे.

ताई, रागावू नकोस. तू लहानपणी माझं दप्तर रोज तपासायचीस, की मी तुझी पेन्सिल नेली का. ती तुझ्याच केसांत खोचलेली असायची. तशातला प्रकार नाही ना हा? मला एक सांग, रेणूने नवे कोट लांबवले असं धरलं, तर चाळीस मिनिटांत त्याच मापांचे, त्याच निळ्या रंगाचे बावन्न जुने कोट तिने आणले कुठून? आणि जुन्या कोटांना सारख्या जागी एकेकच डाग कसा पडेल? खोकी शनिवारपासून मंगळवारपर्यंत तुमच्याकडे होती. तू भोंडल्याला गेलीस तेव्हा घरी कोण होतं? भाऊजींना जरा विचारून बघ.

एका पोरीच्या नावाचा प्रश्न आहे. परक्या देशात एकटी राहते ती. दहा तारखेच्या आत नीट शहानिशा कर.

धाकटीवर लोभ कायम ठेव.

तुझी,
शोभा


जर्सी सिटी,
सोमवार, २८ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. शोभा हिस,
मनोहरचे आशीर्वाद.

पत्र लिहायची मला सवय नाही, चूकभूल पदरात घे. तुझं पत्र शैलजाने मोठ्याने वाचून दाखवलं. ‘भाऊजींना विचारून बघ’ इथे आली आणि हसली. म्हणाली, ह्यांना काय विचारायचं, ह्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही.

कोटांचं ते मी केलं. सिद्धेश लहान असताना कुंकवाचं बोट लावल्याशिवाय शैलजाने त्याला नवा कपडा कधी घालू दिला नाही. त्या दिवशी दमून आली आणि सरळ झोपली. रविवारी ती भोंडल्याला गेल्यावर मला वाटलं, कोणाची का असेनात, पोरंच आहेत, नवा कपडा तसाच कसा अंगावर घालतील? बावन्न कोटांना आतून, बाहेर दिसणार नाही असं बोट लावलं. देण्याच्या वस्तूवर किंमत ठेवू नये म्हणून कागद काढले, आणि मानेशी टोचतात म्हणून लेबलंही. सिद्धेश शाळेतून मान खाजवत यायचा ते आठवलं. थोडा करंडा सांडला. बोट लाल झालं ते धुऊन जाईना, शैलजा शंभर प्रश्न विचारील म्हणून पट्टी बांधली.

शाळेने कोट नाकारले तेव्हाच बोलायला हवं होतं. पण ती रेणूवर इतकी तुटून पडली, की मी भ्यालो. आता बोललो तर चार लोकांत शैलजाचं हसं होईल. न बोललो तर रेणूचं जे व्हायचं ते होईल. तिची नोकरी त्या शनिवारीच गेली, व्हॅनमध्ये असताना तोच फोन आला होता. दोन महिन्यांत दुसरी मिळाली नाही तर व्हिसाच्या नियमाने तिला देश सोडावा लागेल. मला एकट्याला सांगितलंय, शपथ घालून. मंडळात नाव खराब झालं तर इथल्या ओळखीपाळखीतून कोण तिच्यासाठी शब्द टाकणार?

काय करू ते कळव.

मनोहर


रेडमंड,
शुक्रवार, १ नोव्हेंबर २०२४

ति. भाऊजींस,
शोभाचा सा. न.

दिवाळीचा नमस्कार ह्याच पत्री. ताईचं हसं होईल ते चार दिवस. ती मुलगी कपाळावर चोरीचा शिक्का घेऊन परत गेली, तर ताईला आयुष्यभर झोप लागणार नाही, आणि तुम्हालाही. शपथ रेणूची आहे, ती पाळा. कुंकू तुमचं आहे, ते सांगा. पत्र मिळेल त्या दिवशीच, चहाच्या आधी.

आणि भाऊजी, तुम्ही केलंत ते मला फार आवडलं.

शोभा


जर्सी सिटी,
सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

॥ श्री ॥

चि. सौ. शोभा हिस,
शैलाताईचे आशीर्वाद.

तुला सगळं आधी ठाऊक होतं, हे मला ह्यांनी सांगितलं. त्याबद्दल तुझ्याशी नंतर भांडेन.

ह्यांनी सांगितलं तेव्हा मी आधी चिडले, मग रडले. इतक्या वर्षांत ज्या माणसावर मी संशय घेतला नाही, तोच निघाला. आणि मी त्याला चोरही म्हणू शकत नाही, कारण माझंच काम त्याने केलं होतं. अमेरिकेत आल्यापासून मी ते सोडून दिलं होतं. त्याने लक्षात ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी दुकानाची पावती आणि करंडा घेऊन आम्ही दोघं अदितीबरोबर शाळेत गेलो. नर्सने पिशवी उघडून डाग बघितला. मी माझ्या तळहातावर कुंकू लावून दाखवलं. हे कशासाठी लावतात, असं तिने विचारलं. मला एवढंच सांगता आलं, की कपडा घालणाऱ्याचं भलं व्हावं म्हणून. ती म्हणाली, मग राहू द्या. कोट त्याच आठवड्यात वाटले.

दहा तारखेला कमिटीत उभी राहून मी सांगितलं, की चूक आमच्या घरातली आणि संशय माझा, रेणूचा काडीचाही संबंध नाही. दोघीतिघी हसल्या. हसू दे. रेणू मागच्या खुर्चीवर होती. मी जवळ गेले तर, बरं काकू, एवढंच म्हणाली आणि निघून गेली. मला ते लागलं. पण ते माझ्या वाट्याचंच होतं.

काल दुपारी दार वाजलं. रेणू. हातात नवा काळा कोट, बायका ऑफिसात घालतात तसला. तिने स्वतःच सगळं सांगितलं, नोकरी गेल्याचं, व्हॅनमधल्या फोनचं. आज तिची मुलाखत होती. कोट घेतला होता, पण लेबल काढलं नव्हतं, काम झालं नाही तर दुकानात परत करता येईल म्हणून. तो माझ्यापुढे धरून म्हणाली, ह्याला लावा. मी करंडा आणला, पण हात पुढे होईना. तिला म्हटलं, अगं, कुंकू लागलं तर दुकानवाले परत घेणार नाहीत. ती म्हणाली,

“लावा काकू. मग परत करायचा प्रश्नच येणार नाही.”

मी लावलं, आतल्या बाजूला, खिशाच्या वर. कात्री आणायला हे आधीच उठले होते.

मुलाखतीचं अजून कळलेलं नाही. कळलं की लिहीन. तोवर तूही देवापुढे दिवा लाव, आणि ह्या संशयी बहिणीवर होतं तेवढं प्रेम राहू दे.

तुझीच,
शैलाताई