खाऱ्या मातीतली भाजी

३ जानेवारी

चि. धाकट्या,
अनेक आशीर्वाद. उधाणाचं पाणी अंगणात शिरून ओसरलं, पण मीठ मागे राहिलं. लिंबू वाळलं, गुलाब गेले, मेथी पेरली तर उगवलीच नाही. तुझ्या भाच्याने आता घर विकायचंच मनावर घेतलंय. जिथे गवतसुद्धा तग धरत नाही तिथे आई एकटी कशाला, असं तो म्हणतो. जूनमध्ये न्यायला येणार आहे. मला जायचं नाही रे. रोपवाटिकेत इतकी वर्षं काढलीस, काहीतरी सुचव.
तुझी
ताई

१५ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. माती राहू दे, झाड बदल. आपल्याच किनाऱ्यावर एक राखाडी पानांचं खारं झुडूप आपोआप वाढतं. आम्ही त्यातलं खायचं वाण लावलंय; त्याच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवतोय. पाणी बेताचं, खत नाही. शेंडे खुडत राहा, म्हणजे दाट होईल. कोवळी पानं उकळून पाणी फेकून दे आणि भाजीत मीठ घालू नकोस. मुख्य म्हणजे लाड करू नकोस. हे तुला जड जाईल. मला तरी तू लाडावूनच ठेवलंस.
माया अशीच राहू दे.
तुझा
धाकटा

२० जून

चि. धाकट्या,
खूप खूप आशीर्वाद. निम्म्या काड्या सुकल्या, तेव्हा शेजारची शिंपीण म्हणाली की मी तणाला पाणी घालतेय. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. उरलेल्यांनी असा जोर धरला की आता त्यांचं कुंपणच कमरेएवढं झालंय, आणि तीच शिंपीण रोज परडी घेऊन येते.
काल तुझा भाचा रिकामी खोकी घेऊन आला. मी त्याचं पान मांडलं. लसणाची फोडणी दिलेली भाजी वाढली. त्याने दोनदा मागून घेतली, मग कुठून आणलीस म्हणून विचारलं. मी खिडकीकडे बोट केलं. हात न धुताच तो बाहेर गेला आणि पानं चोळून, चाखून पाहत कितीतरी वेळ उभा राहिला. आत येऊन एवढंच म्हणाला, "आई, तू इथेच राहा."
आज सकाळी त्याने फाटकावरची 'विकणे आहे'ची पाटी उतरवली, आणि नव्या काड्यांना वारा लागू नये म्हणून वाफ्याच्या कडेला उभी ठोकली.
लोभ आहेच, आता जेवायला ये.
तुझी
ताई