मेंढपाळाच्या घरातला नातू

७ मार्च १९६२, बुध.
ऑफिस सुटल्यावर थेट सॅंथोमला, म्हाताऱ्या स्कॉटिश मॅकेबाईंच्या घरी. बाईंची नजर गेल्यापासून त्यांचं सगळं टपाल मीच वाचून दाखवतो. आठवड्यात माझी कोणी वाट बघतं ते एवढंच. इथे मद्रासच्या तिरुवल्लिकेणीत, भाड्याच्या खोल्यांच्या मॅन्शनमध्ये, चाळीस एकटे बाप्ये. "साप्टाच्चा?" म्हणजे जेवलात का, एवढं विचारतात, मी "आमा", हो, म्हणतो, संपलं बोलणं.

आज बाईंच्या भाचीने स्कॉटलंडहून शंभर वर्षांपूर्वीच्या खानेसुमारीची नक्कल पाठवली. वडील विल्यम हे एका मेंढपाळाचं शेंडेफळ, एवढंच बाईंना ठाऊक. सहा महिने डोळे लावून बसल्या होत्या. वाचायला लागलो. घरधनी जेम्स, मेंढपाळ, ५२. बायको. मुलगी इझाबेला, १९, अविवाहित. विल्यम, आठ महिने. नातू.

घरात दुसरी मुलगी नाही, सून नाही. म्हणजे पोर इझाबेलाचंच. "मुलगा" वाचलं. बाईंनी टाळी वाजवली.

८ मार्च
ऑफिसात दोन पत्रं चुकीची टाइप केली. साहेब ओरडले. डोकं तिकडेच. म्हणजे बाई जिला आत्या म्हणतात ती इझाबेला त्यांची सख्खी आजी! मागे सांगत होत्या, आत्या दर नाताळला लोकरीचे मोजे विणून पाठवायची, आम्ही बहिणी घालायचो नाही, टोचायचे. किती हसल्या होत्या. आता कोणत्या तोंडाने सांगू? आणि शहात्तराव्या वर्षी कशाला सांगू?

१४ मार्च, बुध.
बाई भलत्याच खुशीत. आयाला सांगून मला दोन केक. रविवारी चर्चचे पाद्री येणार, त्यांना तो कागद वाचायला देणार.  म्हटलं, "त्यांना कशाला त्रास?"
"त्रास कसला, मिस्टर जोशी? माझे आजोबा आहेत ते!"
दुसरा केक बशीत तसाच ठेवून उठलो.

१६ मार्च
मरीनाच्या वाळूवर एकटाच. उकडलेल्या चण्यांचं सुंडल घेतलं, निम्मं टाकलं. एक सुचलं. शंभर वर्षांपूर्वी त्या दारात खानेसुमारीचा सरकारी माणूस वही घेऊन उभा. जेम्स म्हाताऱ्याला "मुलगा" म्हणता आलं असतं. त्या डोंगरात कोण विचारणार होतं? तरी "नातू" म्हणाला. पोरगी तिथेच असेल, ऐकत. ज्याची अब्रू त्याने झाकली नाही, आणि ती झाकणारा मी कोण लागून गेलो, मद्रासचा कारकून!

१७ मार्च, शनि.
हाफ डे. गेलो. सांगून टाकलं. "मुलगा नव्हे बाई, नातू लिहिलंय. इझाबेलाचा."
  बाई म्हणाल्या, "परत वाचा." वाचलं. "तिच्या मयतीला आम्ही कोणी गेलो नाही." रडतील असं वाटलं, रडल्या नाहीत. माझंच मन भरून आलं.
मग माझ्याकडे तोंड केलं. "आणखी काय काय असं वाचलंत मला?"
"एवढंच, बाई."
खोटं. भाचीच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी "मावशी, तुझी फार आठवण येते" असं मी वाचतो. ती तसं कधीच लिहीत नाही. हवापाणी आणि सही.
बाईंनी आयाकडून पत्रांची पेटी मागवून मांडीवर घेतली.  पाद्री उद्या अकराला येणार.