आमच्या टीव्हीवरचे मोजणीयंत्र आजच्या आज काढून नेण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
प्रेक्षक मोजणी कार्यालय.

विषय : वरीलप्रमाणे, अति तातडीचा.
संदर्भ : आपल्या कार्यालयाशी आत्ताच फोनवर झालेले बोलणे. (लेखी द्या, असे सांगण्यात आले. बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानावर लिहून फोटो पाठवत आहे.)

महोदय,

सविनय कळवतो की, मी नळदुरुस्तीची कामे करतो. घरी आई, बायको व दोन मुली आहेत. कोण कोणते चॅनल बघते हे मोजण्यासाठी आपण आमच्या टीव्हीला यंत्र बसवले. प्रत्येकाला एक बटण. बघायला बसताना दाबायचे, उठताना बंद करायचे. दाबले की त्या माणसाचा दिवा लागतो. आमच्या एका घरावरून हजारो घरांचा अंदाज बांधतात, असे आपला माणूस म्हणाला तेव्हा मला मूठभर मांस चढले होते.

१. दिवसा आई एकटी असते. चोरांच्या बातम्या बघून ती घाबरली आणि घर भरलेले दिसावे म्हणून पाचही दिवे लावून बसू लागली. पाणीटंचाईची बातमी आली की ती चॅनल बदलते. म्हणजे सदर यंत्राच्या लेखी अख्खे कुटुंब उठून जाते. परिणामी चॅनलवर चोर वाढले. मधे कुलपांच्या जाहिराती. आईने दाराला तिसरी कडी बसवून घेतली. ती मीच बसवली.

२. गेल्या आठवड्यात निवेदक अभिमानाने म्हणाला की, दुपारी घरेच्या घरे आमच्यापुढे बसलेली असतात. महोदय, ती घरे म्हणजे आमची आई. मी तिला समजावले, तर म्हणाली, एवढे लोक बघतात ते खोटे कसे असेल?

३. आता चोर पिशवी घेऊन नळवाल्याच्या वेशात येतात, असे दाखवत आहेत. दोन गिऱ्हाइकांनी मला दारातूनच परत पाठवले. आज घरी आलो तर आईच दार उघडेना. चोर मुलाच्या आवाजात हाका मारतात, असे सकाळीच सांगितले गेले आहे. मी लहानपणच्या खुणा सांगितल्या, अगदी रडकुंडीला आलो. आतून ती म्हणाली, "माझा मुलगा घरातच आहे. त्याचा दिवा लागलाय." तिचा आवाज थरथरत होता. आईला माझीच भीती वाटते हे कळले, तेव्हा मी हत्यारांची पिशवी दारापासून लांब सरकवली.

४. तिने चॅनलला फोन केला आहे. दाराआडून टीव्हीचा आवाज येतो. निवेदक आमच्या जिन्याचे वर्णन करतो आहे आणि ते बरोबर आहे. खाली माणसे जमली आहेत. काहींच्या हातात काठ्या आहेत. यंत्राबद्दल कोणाला सांगायचे नाही ही आपली अट मी पाळली. आता सांगितले तरी कोण ऐकणार? बायको यायला संध्याकाळ होईल. माणसे पहिल्या मजल्यावर आली आहेत. मी तिसऱ्यावर आहे.

तरी यंत्र त्वरित काढून न्यावे, ही विनंती. ते नियमात बसत नसेल, तर आपल्या कार्यालयातून निदान माझा एक दिवा बंद करावा. म्हणजे मी बाहेर आहे हे आईला पटेल व ती दार उघडेल.

आपला नम्र,
दाराबाहेरचा अर्जदार
(बटण क्रमांक दोन)

दिनांक : आजचा. कृपया उद्याचा शिक्का मारू नये.