गॅरेजमधलं विरजण

६ जानेवारी २०२४
पोचलो बाई एकदाचे! पार्सिपनीच्या भाड्याच्या दोन खोल्या सुटल्या, टेक्सासमध्ये स्वतःचं घर झालं. ही अख्खी वसाहत महायुद्धातल्या एका विमानतळावर उभी आहे. कोवळी पोरं इथे विमान चालवायला शिकायची. आमच्या गॅरेजची जमीन म्हणजे धावपट्टीचं जुनं काँक्रीट, आणि नवरोबा गिरीशला त्याचं केवढं कौतुक! मला काळजी लेकीची, अनयाची. चार वर्षांची झाली तरी वजन वाढत नाही. डॉक्टर फेब्रुवारीत पुन्हा बघणार आहेत. दहीभाताशिवाय काही खात नाही, आणि माझं विरजण प्रवासात नासलं.

९ जानेवारी
शेजारच्या शोभनाकाकूंनी वाटीभर विरजण दिलं. त्या रिटायर्ड डॉक्टर, इथे तीस वर्षं राहतात. ओव्हनचा लाइट लावून आत ठेव म्हणाल्या. ठेवलं, पण नुसतं पाणी झालं. मग गॅरेजमध्ये अनवाणी गेले, तर काँक्रीटवर एक जागा छान कोमट लागली. खालून गरम पाण्याचा पाइप जात असेल. पातेलं तिथेच टेकवलं.

१० जानेवारी
सुरीने कापावं असं कवडी दही! अनयाने तीन वाट्या खाल्ल्या. किंचित पेट्रोलचा वास येतो, पण गॅरेजच ते, येणारच.

१७ जानेवारी
दीड पाउंड वाढली! पण आजची साय – शी! जाड, गुलाबीसर, वर बारीक भोकं. चमच्याने उचलली तर ताणली गेली, तुटेना. भोकाभोकांत तांबूस केस. आमच्या घरात कुणाचेही केस तांबूस नाहीत. सिंकमध्ये ओकले. दही टाकायला निघाले तर अनयाने रडून घर डोक्यावर घेतलं. लिहायलाही लाज वाटते, पण साय काढून खालचं दही मी तिला दिलं.

२० जानेवारी
काकूंना त्या कोमट जागेबद्दल विचारलं, तर त्यांचा चेहराच उतरला. विमानतळावर काम केलेल्या एका म्हाताऱ्या पेशंटने त्यांना सांगितलं होतं – लाल केसांचा एक शिकाऊ पोरगा उतरताना विमानासकट जळाला. खरवडून निघालं तेवढं पुरलं. उरलेलं चिकटून बसलं होतं, त्यावर तसंच काँक्रीट ओतलं, कारण आठवड्याभरात पुन्हा विमानं उतरायची होती. आणि मी त्यावर पोरीचं दही लावत होते. ईऽऽ! चूळ भरून भरून तोंड सोलवटलं, तरी चव जाईना.

२१ जानेवारी
पातेलं कचऱ्यात. बाजारचं दही अनया थुंकते. तिच्या तोंडाला पेट्रोलचा वास. दाढेमागे काहीतरी पांढरं – बोट घालून ओढलं – साय.

२२ जानेवारी, सकाळ
फ्रिजमधलं सगळं दूध गायब. गॅरेजमध्ये तिचा तान्हेपणीचा आंघोळीचा टब, बरोबर त्या जागेवर. चाटूनपुसून रिकामा. अनया शेजारी पोट धरून बसलेली. इंग्रजीत म्हणाली की त्याला अंगभर पुरेल एवढी साय हवी होती. विरजण कुठून आणलंस विचारलं तर आ वासला, जीभ बाहेर काढली.

गिरीश गाडी काढतोय. लिहितेय, नाहीतर किंचाळेन –

उठत नव्हती म्हणून दंडाला धरून ओढलं. कातडी ताणली गेली. तुटेना. वर बारीक भोकं. भोकाभोकांत तांबूस –