एका बाहीचं जाकीट

प्रिय ठमे,

अक्षर तुझ्या भाचीचं, जीभ माझी. फोनवर तुझ्या मैत्रिणीचं, लांबीचं, नाव काढलं की तुझं दूध तरी उतू जातं, नाहीतर दारात कोणीतरी येतं. पत्रापुढे ती पळवाट नाही, म्हणून हा खटाटोप.

परवा कपाटात ती कॅसेट सापडली. अठ्ठ्याऐंशी सालची, त्या तीन नाचऱ्या विलायती पोरींची. केस इतके फुगवलेले, की दारातून तिरकं शिरावं लागत असेल बिचाऱ्यांना. गाण्यातलं एक अक्षर तुला कळत नव्हतं, ना वरच्या मजल्यावरच्या लांबीला. मला तर कुठलंच अक्षर कळत नाही, त्यामुळे मी निवांत. त्या तिघी आणि तुम्ही दोघी, म्हणून तिसरी मी. शिलाई मशीन थांबवून कंबर हलवायची, आणि सगळ्यांनी उजवीकडे वळायच्या वेळी नेमकी डावीकडे वळून तुम्हाला धडकायची.

आपल्या तिघींची जाकिटं मी कव्हरवरचा फोटो बघून बेतली. कडेच्या पोरीचा एक हात फोटोबाहेर गेलेला. मला वाटलं, असेल बाई फॅशन! लांबीला एकाच बाहीचं शिवून दिलं. पुढे त्या टीव्हीवर आल्या, तर दोन्ही बाह्या शाबूत. तू हसून लोळलीस. मी दुसरी बाही लावायला घेतली, तर लांबी जाकीट सोडेचना. पुढे वर्गातल्या दोघींनी तिचं बघून बाह्या कापल्या आणि घरी मार खाल्ला.

तीच जाकिटं आता पुन्हा मशीनवर घेतली. तुझं दोन्ही बाजूंनी सोडलं. आत कापड राखलं होतं म्हणून निभावलं, नाहीतर तुझी काही खैर नव्हती. माझं बटणं न लावताच घालेन. लांबीचं मात्र आत घ्यावं लागलं. घेतच गेले, घेतच गेले.

काल ते दवाखान्यात नेऊन तिला घातलं. सुई लावलेला हात नेमका बिनबाहीचा. म्हणाली, "मावशी, तुम्ही तेव्हाच ओळखलं होतं." नर्सही हसली. मग लांबीनं माझा पदर धरून हळूच विचारलं, "ती येईल का हो?" काय बोलावं ते तुला सुचत नाही, मला ठाऊक आहे. अगं, त्या गाण्यातलं तरी आपल्याला कुठे काय कळत होतं? डॉक्टर म्हणतात, उशीर करू नका. रविवारी ये. बसूनच नाचू, नुसत्या हातांनी. चुकीच्या बाजूला वळायला मी आहेच.

तुझीच, मागच्या रांगेतली,
आई